जिन्यावरची बरी तब्येत

गोव्यात, डिचोली बाजारात आमच्या डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. दमेकऱ्यांना जिना चढायला लावायची अक्कल कोणाची, देव जाणे. वळणावर कुटुंबनियोजनाचं पोस्टर होतं. श्वास जुळेपर्यंत मी ते वाचत उभा राही. माझ्याइतका त्याचा अभ्यास सरकारनेही केला नसेल. वर पोचलो की डॉक्टर विचारत, "कशे आसात?"

"बरें आसा, दोतोर."

आमच्याकडे आधी हेच म्हणायचं असतं. ताप असो, घरात मयत असो. आधी बरें आसा, मग पुढचं. माझं पुढचं कधी यायचंच नाही. तेव्हा कोकणी की मराठी यावरून घराघरांत भांडणं पेटलेली. मी दोन्ही भाषांत सारखंच खोटं बोलत होतो.

आणि ते मला खोटं वाटतही नसे, याचीच खरी चीड. तीन उशांना टेकून झोपणं म्हणजे माझी सवय. गणेश चवथीच्या आरतीत मी वाजवायचो ते मातीचं घुमट दुसऱ्याकडे दिलं ते, म्हणे, तरुणांना संधी म्हणून! दम्याचा रोजचा पंप बरं वाटलं की कपाटात. धाप लागली की दुसरा, तातडीचा, तोही भिंतीकडे तोंड करून, चोरून विडी ओढल्यासारखा. खनिजाच्या ट्रकांच्या धुळीने दोरीवरचा सदरा तांबडा झाला की मी ट्रकवाल्यांना शिव्या घालायचो. सदऱ्याची काळजी, छातीची नाही.

शाळेत चौथीत असलेली माझी मुलगी माझ्यावरच गेली. तिचीही छाती वाजायची.

"तूं कशी आसा गो, बाय?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरें आसा."

डॉक्टर खूश. तिचा रोजचा पंप कमी केला. मीही खूश, गाढव.

त्या चवथीला फुगडीच्या दुसऱ्याच गिरकीत ती फेर सोडून बाहेर सोप्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. खांदे वरखाली. दोघांत मिळून एक पंप.

"दोतोराक सांगूं नाकात हां, पप्पा. म्हजी फुगडी बंद करतले ते."

बायकोने नेमकं ऐकलं. "दवाखान्यात औषधाला जाता की सोयरीक जमवायला? गोड बोलून येता! आता लेकीलाही तेच शिकवलंत!"

पुढच्या खेपेला जिन्याच्या वळणावर मी थांबलो, तर लेक माझ्याआधीच थांबलेली. पोस्टर वाचत होती. "पप्पा, तांबी म्हणजे कितें?"

दुसरा कोणी बाप शरमला असता. मला रडू यायचं बाकी होतं. फुगडी घालणारी पोर, आणि बारा पायऱ्यांत पोस्टर वाचते!

"कशे आसात?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

सवयीने तोंडातून 'ब' निघालाच. मग मी जवळजवळ ओरडलो, "म्हाका बरें ना, दोतोर! हिकाय ना! आमी दोगांय जिन्यार तें पोस्टर वाचतांव!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खंयचें पोस्टर?"

रोज तोच जिना चढायचे ते. त्यांना कधी थांबावंच लागलं नव्हतं.