सांगायची राहिलेली गोळी

गल्लीत तिला सगळे मावशीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तिचं पाळणाघर होतं. तळमजल्याच्या दोन खोल्या, पोरांचे चिकट हात पुसून काढता यावेत म्हणून भिंतींना कमरेएवढा तेलरंग, आणि दाराला पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर कडी. कामावर जाणाऱ्या आया सकाळी पोर तिच्या कडेवर देत आणि मागे वळूनही न बघता निघत. कुठलं पोर आता रडणार आणि कुठलं चड्डी ओली करणार, हे त्या पोराच्या आधी हिला कळतं, असं तिचा नवरा म्हणायचा.

नवरा खिडक्यांना काचा बसवायचा, म्हणून लोक त्याला काचवाले म्हणत. मुळातच मितभाषी माणूस. पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती, जी त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

लेक झाली त्यानंतर मावशी आजारी पडली होती. आधी झोपच उडाली. घासलेली भांडी पुन्हा काढून घासायची, अखंड बोलायची, अचाट बेत करायची. मग एकदम अंथरूण धरलं, ते इतकं की पाळण्यातल्या लेकीकडेही बघेना. मनाच्या आजारांच्या डॉक्टरांनी लिथियमची गोळी सुरू केली आणि तो हिंदोळा हळूहळू थांबला. गोळी कायमची होती. मावशीने ती कधी चुकवली नाही. पुढे पाळणाघर काढायचं ठरलं तेव्हा मात्र तिने नवऱ्याकडून शब्द घेतला. डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्या बाईकडे कुणी आपलं पोर ठेवेल का, असं तिचं म्हणणं. लेकीलाही कळता कामा नये. लेक मोठी झाली, छापखान्यात नोकरीला लागली, तिचा संसार सुरू झाला, तरी शब्द तो शब्द. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ताकास तूर लागू नये म्हणून काचवाले ती गोळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणत.

त्या वर्षी मावशीचं ब्लडप्रेशर वाढलं. जवळच्या डॉक्टरांनी गोळी दिली. त्या गोळीने लघवी जास्त होते आणि दाब उतरतो. गुडघे तर आधीपासूनच कुरकुरत होते, दिवसभर पोरांबरोबर जमिनीवर बसणं. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर गोळी दिली. दोघांनीही विचारलं होतं, आणखी काही औषध चालू आहे का. दोघांनाही तिने नाही म्हणून सांगितलं. या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आल्या, लिथियमची दुसऱ्या टोकाहून. तिन्ही औषधं एकत्र कुणाच्याच नजरेखाली आली नाहीत. लिथियमसाठी मधूनमधून रक्त तपासायचं असतं, पण इतकी वर्षं सगळं सुरळीत होतं म्हणून तेही मागे पडलं होतं.

आधी तिचे हात कापायला लागले. दुधाची वाटी भरताना अर्धं दूध फरशीवर. वय झालं आता, ती हसून म्हणाली. मग पोट बिघडलं, जुलाब लागले, जेवण जाईना. काचवाल्यांना पोरांच्या साथीचा संशय आला. त्यांनी तिला लिंबूपाणी दिलं, विश्रांती घे म्हणाले. ती कसली घेतेय.

एका सकाळी काचवाले काच मोजायला निघाले होते. मागे दाराशी काही आवाज आला म्हणून वळले, तर मावशी उंबऱ्यात उभी. कडेवर रांगतं पोर, आणि स्वतः झोकांड्या खातेय, पायाखालचा दोर कुणी हलवत असल्यासारखी. पुढे दगडी पायऱ्या. ते धावले नाहीत. धावलो तर दचकेल, हे त्यांना कळलं. पायरी पायरी करत जवळ गेले, आधी पोर काढून घेतलं, मग तिला भिंतीला टेकवलं. ती काहीतरी बोलली, पण जीभ जड झाली होती. कुणाचं पोर आहे हे, असं ती विचारत होती.

लेक छापखान्यातून तशीच शाईच्या हातांनी आली. शेजारणीने पोरांना सांभाळलं. इस्पितळात ड्यूटीवर तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कधीपासून त्रास, आधी काही आजार, कुठली औषधं, त्यांनी भराभर विचारलं. लेकीने पिशवीतून ब्लडप्रेशरची आणि गुडघ्याची अशी दोन पाकिटं काढून दिली. आणखी काही? नाही, लेक म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी काचवाल्यांकडे पाहिलं. मावशीने नवऱ्याची बाही मुठीत धरली होती. ती शुद्धीत होती की नव्हती कोण जाणे, पण मूठ घट्ट होती. काचवाल्यांनी मान हलवली. नाही.

डोक्याचा फोटो काढला. तेवढ्या वेळात मावशीचे पाय आपोआप झटके द्यायला लागले होते. मेंदूत रक्तस्राव दिसत नाही, पक्षाघातासारखंही वाटत नाही, बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रक्ताच्या तपासण्या पाठवल्यात, बघू. एवढं बोलून त्या पडदा सारून निघाल्या.

दिलेला शब्द एकीकडे आणि बायको एकीकडे. आता गप्प राहिलो तर तिने विश्वासाने टाकलेला भार आपणच तिच्या छातीवर ठेवतोय, असं त्यांना वाटलं. त्यांनी बाहीवरची मूठ हळूच सोडवली, एकेक बोट करून.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "एक गोळी सांगायची राहिली. लिथियम घेते ती. बरीच वर्षं."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरीणबाई मात्र तिथूनच मागे फिरल्या आणि नर्सला लिथियमची पातळी तातडीने तपासायला सांगितली. मग काचवाल्यांना म्हणाल्या, "ही गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते, काका. प्रेशरच्या गोळीने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड हिला धरून ठेवतं. दुखण्याच्या गोळीनेही तेच होतं. त्यात जुलाब. औषध अंगात साठत गेलंय."

"म्हणजे विष?"

"आत्ता तसंच म्हणा. आपण बाहेर काढू."

पातळी फार वर निघाली. तिन्ही गोळ्या तात्काळ बंद झाल्या, सलाईन लागलं, रक्त शुद्ध करायच्या यंत्राला मावशीला जोडलं. बाहेरच्या बाकावर बाप-लेक बसून होते. बापाने बाईंना पुढे नेमकी वर्षं सांगितली होती; ती लेकीने आपल्या वयाशी ताडून पाहिली. मग तिने विचारलं, मी झाल्यावर हे सुरू झालं का. काचवाले हो म्हणाले. तुझ्यामुळे नाही, तुझ्यानंतर, असंही म्हणाले. आयुष्यात इतकं नेमकं बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मावशी हळूहळू माणसात आली. सगळं कळल्यावर तिने नवऱ्याकडे पाठ फिरवली आणि इस्पितळातून सुटल्यावरही त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. लेकीचा हात मात्र सोडला नाही.

प्रेशरसाठी आणि गुडघ्यासाठी दुसरी औषधं ठरली. मनाची गोळी रक्त तपासून कमी प्रमाणात पुन्हा सुरू झाली. घरी आल्यावर लेकीने घरातलं प्रत्येक औषध, खोकल्याचं अर्धवट राहिलेलं सिरपसुद्धा, पिशवीत भरलं आणि आईला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. पिशवी काउंटरवर पालथी केली. दुकानदाराने एकेक उचलून कशाचं कशाशी पटतं ते पाहिलं. लिथियमचं पाकीट हातात आलं तेव्हा मावशीने मान खाली घातली. दुकानदार एवढंच म्हणाला की ही घेत असताना दुखण्यावरची गोळी मनाने घेऊ नका, आणि नवीन काहीही सुरू करण्याआधी इथे विचारा.

पुढचं मावशीने स्वतःच केलं. पाळणाघर पुन्हा उघडताना आयांना उंबऱ्यात थांबवून आजाराचं आणि गोळीचं सांगितलं. हात अजून थोडे थरथरत होते. म्हणून तान्ही पोरं आता घेणार नाही, चालती घेईन, तीही सोबतीला बाई ठेवून, असं म्हणाली. काही आया पोर घेऊन गेल्या त्या परत आल्या नाहीत. एक तर चार घरी सांगत सुटली. त्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात पुष्कळ रडली, आणि काचवाल्यांना म्हणाली की लोक समजून घेतील असं तुम्ही म्हणाला होतात, तसं काही झालं नाही. त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं, पण ती पुन्हा बोलायला लागली हेच त्यांना खूप होतं.

काही दिवसांनी एक आई पोराला सोडून दारातच घोटाळली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाली की तीही झोपेची एक गोळी घेते, घरी कुणाला माहीत नाही, आणि सर्दीची घेतली तर चालेल का.

"मला नको विचारू गं," मावशी म्हणाली. "दुकानात जा. आणि जाताना सगळ्या गोळ्या घेऊन जा, लपवलेलीसुद्धा."

आत कुणीतरी कुणाला चावलं होतं. ती पोरांकडे वळली.