सांगणाऱ्याचा गाव

“सांगनाऱ्याचा गाव कंचा?”

कुणी काहीही सांगो, तिचा पहिला प्रश्न हाच. अमक्या डेअरीच्या दुधात पावडर असते, कलिंगडाला रंगाचं इंजेक्शन देतात, असं काही कानावर आलं की ती कोळंबीचं डोकं चिमटीत धरून मुरगळायची आणि मान वर न करता विचारायची. “सगळेच म्हणतात,” असं उत्तर आलं की ते डोकं डब्यात पडायचं, आणि विषयही.

नारपोलीत माझं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मागे दिवसभर कापडाच्या लूमचा खडखडाट. समोरच्या ओट्यावर ती मासे विकायला बसायची. खारबावहून सकाळच्या गाडीने पाटी घेऊन यायची, केळीच्या पानावर कोळंबीचे वाटे लावायची आणि प्रत्येक वाट्यावर एक लिंबू ठेवायची. लिंबू फुकट, तिच्या परसातलं. गिऱ्हाईक वाट्यासाठी घासाघीस करायचं आणि लिंबू पाहून गप्प बसायचं. तुमच्याही नाक्यावर अशी एखादी मासेवाली असेल. तिच्या हातचा माल तुम्ही डोळे झाकून घेत असाल. मीही घ्यायचो.

आणि तिच्याच पोटावर मी पाय दिला.

झालं असं, की मला एक ईमेल आला. कोळंबी खाऊन वर लिंबू घेतलं तर पोटात सोमल नावाचं जहाल विष तयार होतं, परदेशात एक बाई अशीच तडकाफडकी गेली, दहा जणांना कळवा आणि जीव वाचवा. त्या काळी इंटरनेटवरची गोष्ट म्हणजे मला छापील सरकारी कागदासारखी वाटायची. मी बसून त्याचं मराठी केलं, ठळक अक्षरांत प्रिंट काढली आणि दाराच्या काचेवर चिकटवली. वर ‘जनहितार्थ’ असंही लिहिलं. समोर लिंबू ठेवलेले वाटे मांडलेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शहाणपणा अंगात आला की डोळे मिटतात, दुसरं काय.

तिला वाचता येत नव्हतं. तीन-चार दिवस नेहमीची गिऱ्हाइकं काचेशी थांबून वाचायची आणि ओट्याकडे न बघता निघून जायची. दुपारी पाटी तशीच भरलेली असायची. शेवटी एका लूम कामगाराने तिला थेट विचारलं, “मौसी, ये नींबू के साथ जहर बनता है क्या? उधर कागज पे लिखा है.”

ती हात पुसत माझ्या दारात आली. ती भांडेल म्हणून मी उभाच राहिलो. ती खुर्चीवर टेकली.

“वाच, बाला.”

मी वाचलं.

“सांगनाऱ्याचा गाव कंचा?”

“एका डॉक्टरने सांगितलंय, मावशी.”

“कंच्या दवाखान्यातला?”

मी ईमेल खालपर्यंत पाहिला. दवाखाना नव्हता. डॉक्टरला नावही नव्हतं.

“मेली ती बाय कंची? तिच्या मानसांनी काय सांगितला?”

तेही नव्हतं.

“मंग त्यानं न्हाय सांगितला. तू सांगितलास,” ती शांतपणे म्हणाली. “तुजा नाव लिव खाली. नारपोली लिव. मंग ऱ्हाऊ दे कागद.”

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. माझ्या नावाने ती बातमी सांगायची माझी हिंमत नव्हती. जे स्वतःच्या नावाने बोलता येत नाही, ते मी चार दिवस गावभर सांगत होतो. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

दुपारभर मी शोधत बसलो. तोच मजकूर, त्याच चुकांसकट, कितीतरी ठिकाणी चिकटवलेला होता. अखेर एका डॉक्टरचा लेख सापडला. खाली पूर्ण नाव होतं, कॉलेज होतं, पत्ता होता. नेहमीच्या जेवणातल्या कोळंबी-लिंबाने असं विष होत नाही, हे त्यांनी कारणं देऊन लिहिलं होतं.

“ह्याला गाव हाय?” तिने विचारलं.

“आहे, मावशी.”

“मंग हा लाव.”

तो लावला. शिवाय रोज दुपारी ओट्यावर बसून सगळ्यांदेखत तिच्याकडची शिजवलेली कोळंबी लिंबू पिळून खाल्ली. गिऱ्हाइकं परत आली, पण सावकाश. खोटं चार दिवसांत पसरलं होतं, ते पुसायला पुढचे दोन महिने गेले. या सगळ्यात तिने मला एकदाही टोमणा मारला नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी तिच्या पाटीत नुसता आधीच वाळवून ठेवलेला सुका जवळा होता.

“खाडीच्या पान्याला वास मारतोय,” ती म्हणाली. “कोलंबी न्हाय इकायची.”

मी लगेच शोधलं. “नेटवर तर काहीच नाही, मावशी.”

“नेटवर न्हाय, पान्यात हाय. होडीवाल्यानं सांगितला, आमच्याच गावचा हाय. मंग मी सोताच जाऊन बघितला.”

तिने मला कागद लिहायला लावला. खाडीची कोळंबी सध्या कोणी घेऊ नये. खाली तिचं नाव, तिचं गाव. माझ्या शिक्क्याच्या पॅडवर अंगठा टेकवून तिने तो कागदावर उमटवला आणि स्वतःच काचेवर धरला. पाणी निवळेपर्यंत ती नुसता जवळा विकत राहिली. धंदा कुणाचा बुडाला, तर तिचाच. मला वाटतं, त्या काचेवर लागलेला तो एकमेव खरा जनहितार्थ कागद.

मग एका आठवड्यात ती आली नाही. पुढच्याही नाही. ओट्यावर दुसरं कुणी बसलं नाही, तरी मी रोज शटर उघडताना तिकडे बघायचो.

एक दिवस एक अनोळखी माणूस झेरॉक्स काढायला आला. ओट्याकडे बघत म्हणाला, “ती कोलंबीवाली गेली. परवाच.”

अशा बातम्या नाक्यावर रोज उठतात. मी कागद मशिनवर तसाच धरून विचारलं, “तुमचा गाव कंचा?”

“खारबाव,” तो म्हणाला. “तिच्या दारासमोरच घर हाय आमचा. खांदा दिला मी.”