खोळमास्तर आणि पाठ केलेली लेथ

खोळमास्तर लेथवरची खोळ सोडायचे, तो कार्यक्रम बघण्यासारखा असे. आधी ते चपला दाराबाहेर काढत. मग हात धुऊन, पंच्याला पुसून, खोळीच्या नाड्या एकेक करून सोडत. जाड निळ्या कापडाची ती खोळ त्यांनी पंचवटीतल्या एका गादीवाल्याकडून माप देऊन शिवून घेतली होती. खाली आमच्या तांत्रिक शाळेची नवी कोरी लेथ, म्हणजे लोखंडी गज फिरवून त्याला आकार देणारं यंत्र. मास्तर तिला तेलाच्या फडक्याने पुसत, दोन पावलं मागे होऊन तिच्याकडे कौतुकाने बघत आणि आम्ही पोरं पुढे सरकलो की हात आडवा करत. "बघा. नुसतं बघा. डोळ्यांनी शिकतो तो खरा कारागीर." एवढं झालं की खोळ परत चढायची. दर शनिवारी हे असंच चाले आणि त्याला वेळापत्रकात प्रात्यक्षिक असं नाव होतं.

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. घरचे लोक आहेत, उगाच वाईट वाटायला नको. शाळेचंही सांगत नाही. पेठ रोडला एका ट्रस्टच्या इमारतीत ती भरायची आणि आता तिथे मंगल कार्यालय आहे. नव्वदच्या दशकात सातपूर-अंबडच्या कंपन्यांना टर्नर हवे असायचे आणि आमच्यासारख्या दहावी पास पोरांना कंपनी हवी असायची. या दोघांच्या मधे खुर्ची टाकून खोळमास्तर बसले होते.

बिघाडाची त्यांना विलक्षण धास्ती होती. यंत्र चालवलं की ते झिजतं, झिजलं की बिघडतं, बिघडलं की खुलासा द्यावा लागतो, अशी त्यांची विचारसरणी होती. खुलासा हा शब्द ते असा उच्चारत की जणू कोणाला पटकी झाली आहे. एखाद्या पोराने धीर करून विचारलं, "सर, एकदा चालू करून दाखवा ना," की चष्म्यावरून बघत ते म्हणत, "आणि बिघडली तर? तुझा बाप येणार आहे का वरती उत्तर द्यायला?" वरती म्हणजे ट्रस्टच्या कार्यालयात. तिथल्या लोकांना तळमजल्यावर लेथ आहे हेसुद्धा धड माहीत नव्हतं, पण मास्तर त्यांच्या भीतीने अर्धे झाले होते. भित्र्या माणसाला अधिकार मिळाला की तो किती जणांचं वाटोळं करू शकतो, हे मी त्या कार्यशाळेत पाहिलं.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फळ्यावर लेथ काढावी तर त्यांनीच. रंगीत खडू घेऊन ते उभे राहिले की तासाभरात अख्खं यंत्र फळ्यावर उतरे, बारीकसारीक चाकं आणि दांड्यांसकट. ते चित्र पुसणं आमच्या जिवावर यायचं. खालच्या मजल्यावर खरी लेथ झाकून ठेवायची आणि वरच्या मजल्यावर तिचं चित्र काढायचं, यात काही चमत्कारिक आहे असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नाही. आम्ही दीड वर्ष पकडीत लोखंडाचे तुकडे धरून कानस घासत होतो आणि लेथ पाठ करत होतो. "आधी डोक्यात जाऊ द्या, हातात काय, आपोआप येतं," असं ते म्हणायचे.

खंडेनवमीला मात्र मास्तरांना उत्साहाचं भरतं येई. त्या दिवशी खोळ दिवसभर उघडी राहायची. लेथला हळदकुंकू, झेंडूची जाड माळ, पुढे नारळ. वरतीचे लोकही खाली येत आणि फोटो निघत. आम्हाला धुतलेले ऍप्रन घालून यंत्राभोवती उभं करत, एकाचा हात चाकावर ठेवायला लावत आणि फोटो निघाला की मास्तर तो हात स्वतः उचलून बाजूला करत. वर्षातून एकदा त्या लेथला फुलं मिळायची, वीज मिळाल्याचं मी कधी पाहिलं नाही.

आता त्या चावीचं सांगतो. लेथवर गज घट्ट पकडणारा एक जबडा असतो, त्याला चक म्हणतात, आणि तो आवळायला एक जाडजूड चावी असते. चावी फिरवायची आणि लगेच काढून घ्यायची. ती चकमधे राहिली आणि यंत्र सुरू झालं तर दगडासारखी भिरकावली जाते. जगातल्या प्रत्येक टर्नरला हे पहिल्या दिवशी शिकवतात. आम्हालाही शिकवलं होतं. नियम पहिला, 'चावी कधीही चकमध्ये ठेवू नये', हे आम्ही कोरसमधे म्हणत असू. पण आमच्या शाळेत पूर्वी कधी तरी एक चावी हरवली होती आणि मास्तरांना खुलासा द्यावा लागला होता. तेव्हापासून चावीची जागा ठरली होती. ती चकमधेच खोचून ठेवायची. "हरवायला नको," मास्तर म्हणत. यंत्र फिरणारच नव्हतं, तेव्हा भिरकावली जाण्याचा प्रश्नही नव्हता. शनिवारी खोळ निघाली की कोणीतरी चावी पुसायची आणि पुन्हा जिथल्या तिथे खोचायची. विसरलं तर छडी बसे. तोंडाने एक आणि हाताने नेमकं उलटं, असं आम्ही दीड वर्ष गिरवलं आणि त्याबद्दल आम्हाला शिस्तीचे गुणही मिळाले.

काशिनाथ माझ्या शेजारी बसायचा. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, पंचवटीतल्या वसतिगृहात राहणारा. दसरा झाला की त्याच्या पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच उरायचं. बाकी सगळे दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर मजुरीला. काशिनाथचे आईबापही त्यातच. तो कमी बोलायचा, पण एक गोष्ट त्याने मला पुन्हा पुन्हा सांगितली होती. "मी कंपनीत चिकटलो ना, की आईबापाला बागेवर पाठवायचो नाय. घरी राहतील. बारा महिने." त्याला टर्नर व्हायचं होतं ते एवढ्यासाठी. मास्तरांच्या फळ्यावरच्या चित्राची त्याने इतक्या वेळा नक्कल केली होती की डोळे मिटून लेथ काढू शकायचा. मास्तरांवर त्याची श्रद्धा होती. मला तेव्हाही त्या श्रद्धेचा राग यायचा.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सातपूरच्या एका कंपनीने शिकाऊ उमेदवारांसाठी आम्हाला बोलावलं. मास्तर आमच्याबरोबर आले, इस्त्रीचा सफारी घालून. सुपरवायझर एकेकाच्या हातात गज देत होता आणि म्हणत होता, "लाव आणि थोडं सोलून दाखव." पहिला नंबर काशिनाथचा लागला. त्याने लेथला नमस्कार केला, गज चकमधे धरला, चावीने छान आवळला, फडक्याने चावी पुसली, नीट खोचून ठेवली आणि बटण दाबलं.

चावी सुपरवायझरच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्यावर आदळली. शेडमधली सगळी यंत्रं एकामागून एक थांबली. सुपरवायझर पांढराफटक पडला होता. तो ओरडला, "चावी काढायची असते हे शिकवलं नाही का रे तुला?"

काशिनाथ ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "शिकवलंय साहेब. पाठ हाय. नियम पहिला, चावी कधीही चकमध्ये ठेवू नये."

सुपरवायझरने त्याच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताचे पत्रे न्याहाळत होते. आम्हा उरलेल्यांची परीक्षा झालीच नाही. फाटकापर्यंत सोडायला शिपाई आला होता, तो सारखा हसत होता. बसमधे मास्तर आमच्यापासून लांब बसले आणि शाळेत आल्यावर सगळ्यांसमोर काशिनाथला म्हणाले, "संस्थेचं नाव घालवलंस." त्या माणसाने दीड वर्षात केलेल्या पापाचं गाठोडं एका वाक्यात त्या पोराच्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः चहा प्यायला गेला.

अंबडच्या दुसऱ्या एका कंपनीची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. तेवढी एक संधी उरली होती. काशिनाथचा बाप बागेवरचं काम टाकून शाळेत आला. पायात रबरी चप्पल, हाताला औषधाच्या फवारणीचा वास. तो मास्तरांच्या टेबलापुढे वाकून उभा राहिला. मी दारातच होतो.

"साहेब, पोराची चूक झाली. पण त्याला चार दिस ते यंत्र फिरवू द्या. हाताला वळण लागंल. मग नाय चुकायचा तो."

मास्तरांनी पेनाचं टोपण बंद केलं. आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. "हे बघा, सगळ्यांना सगळं जमत नाही. तुमच्या लोकांच्या हातात कोयता शोभतो. यंत्राला जरा वेगळं डोकं लागतं. उगाच पोराचा वेळ घालवू नका."

बाप म्हणाला, "व्हय साहेब." आणि हात जोडले. त्या दोन शब्दांनी आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बाहेर काशिनाथ जिन्याखाली पत्र्याची पेटी घेऊन उभाच होता. उत्तर काय येणार हे त्याला आधीच कळलं असावं. दोघं पेठ रोडने चालत गेले. तो पुन्हा शाळेत आला नाही.

माझं काय झालं? मी टर्नर झालो. मास्तरांमुळे नाही. अंबडला माझ्या मामाची छोटी शेड होती, तिथे एक थकलेली लेथ होती आणि मामाने मला तिच्यावर सोडलं. पहिल्याच दिवशी मीही चावी चकमधे खोचली. मामाने बटणाकडे जाणारा माझा हात धरला, एक सणसणीत शिवी हासडली आणि विषय संपला. एवढंच लागतं. एक चालू यंत्र आणि वेळेवर हात धरणारा माणूस. काशिनाथला मामा नव्हता. आमच्या शेवटच्या परीक्षेत लेथवर करायचे नमुने तर मास्तरांनी बाहेरून करून आणवले होते, आम्ही त्यावर फक्त आपापले नंबर ठोकले. निकाल शंभर टक्के लागला आणि मास्तरांचा सत्कार झाला.

मधे बरीच वर्षं गेली. मामाची शेड मी चालवायला लागलो. एका बागायतदाराच्या फवारणी पंपाचा दांडा मी करून दिला होता, तो बसवायला दिंडोरीजवळच्या मळ्यात गेलो. द्राक्षाच्या मांडवाखाली मजूर घडांची विरळणी करत होते. त्यातल्या एकाने मला नावाने हाक मारली. काशिनाथ. शेजारी त्याची बायको, आणि पलीकडच्या ओळीत त्याचे म्हातारे आईबाप. सगळेच तिथे होते.

आम्ही बांधावर बसलो. त्याने माझ्या शेडची चौकशी केली, कुठली लेथ आहे, किती लांबीची आहे, खरंच आनंदाने विचारलं. मग म्हणाला, "सर बरे हायेत ना?"

"बरे आहेत. निवृत्त होतायत या महिन्यात."

तो जरा घुटमळला. "मी हितं भेटलो असं सांगू नको त्यांना. इचारलं तर सांग, पुण्याला कंपनीत हाय. लय चांगला माणूस. त्यांना उगाच वाईट वाटंल."

मला ओरडावंसं वाटलं. त्या माणसाला वाईट वाटत नाही रे, वाटलं असतं तर तू आज इथे नसतास. पण त्याचा चेहरा बघून मी बरं म्हणालो.

मास्तरांचा निरोप समारंभ झकास झाला. शाल, श्रीफळ, मोठा हार. जुने विद्यार्थी बोलावले होते, त्यात मीही गेलो, का गेलो कोण जाणे. बहुधा त्यांना एकदा डोळे भरून तिरस्काराने बघावं म्हणून. कार्यक्रमाच्या आधी त्यांनी मला जवळ घेतलं आणि एकेकाची चौकशी करता करता विचारलं, "आणि तो पेठचा? चावीवाला?" मी काशिनाथला दिलेला शब्द पाळला. पुण्याला कंपनीत आहे म्हणालो. मास्तरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग उजळला.

भाषणाला उभे राहिल्यावर त्यांनी माईक जवळ ओढला. "माझ्याकडे डोंगरातला एक आदिवासी मुलगा आला होता. लोक म्हणायचे, याला काय जमणार? पण मी त्याला पहिल्या दिवशी ओळखलं होतं. म्हटलं, हा पोरगा नाव काढणार. आज तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. खोटं बोलत होते असंही मला वाटत नाही. बोलता बोलता त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती.

जेवणाच्या रांगेत त्यांनी मला पुन्हा गाठलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काशिनाथला माझा निरोप दे. म्हणावं, सरांना तुझा फार अभिमान वाटतो." मी मान हलवली आणि ताट न घेताच बाहेर पडलो.

काशिनाथ मला अजून दर हंगामात भेटतो. सरांचं काही कळलं का, असं तो दर वेळी विचारतो. मी त्याला तो निरोप दिलेला नाही. दिला तर त्याला अतोनात आनंद होईल, याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच मी तो देणार नाही.