आबांनी निवडलेला देश

दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला तेव्हा मी कळपात उभी होते, एका मेंढीचा पाय हातात धरून. "आबा गेले," एवढंच म्हणून तो रडायला लागला. न्यूझीलंडात दुपार होती, आमच्या गावी, पाचोडला, सकाळ. मला घर गाठायला तिसरा दिवस उजाडला. तोवर सगळं उरकलं होतं... मी राखेला नमस्कार केला. महिना होत आला, पण बापाचं तोंड शेवटचं पाहता आलं नाही, हे काही केल्या गिळवत नाही.

आबा जन्मभर मेंढरांमागं फिरले. त्या मेंढरांपायीच मी पशुविज्ञानाकडं वळले. संभाजीनगरला शिकत होते, पुंडलिकनगरात खोली करून राहायचे, तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी दोन देशांत प्रवेश मिळाला. एक हॉलंड, मुंबईहून सरळ विमान, एका दिवसात घरी. दुसरं न्यूझीलंड, जगाच्या पार टोकाला. माझं काही ठरेना. मग एके दिवशी दादाला घेऊन आबा एसटीनं आले. खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गाठोडं. टेकले न टेकले तोच म्हणाले, "दाव बरं दोन्हीकडची जनावरं."

म्हणजे बघा! लोक कॉलेजचं नाव बघतात, शिष्यवृत्ती बघतात. आमच्या आबांनी लॅपटॉपला नाक लावून मेंढरांचे खूर पाहिले. हॉलंडच्या फोटोवर मान हलवली. "खूर लई वाढल्यात. हितं कुनाचं ध्यान नाय." न्यूझीलंडच्या फोटोपाशी मात्र बराच वेळ थांबले. "हितली मानसं जनावराच्या पायाकडं बघत्यात. तुज्याकडंबी बघतील. हितंच जा."

मला हसू आवरेना. दादा चिडला. "आबा, उद्या तुमचं काय दुखलं-खुपलं तर?"

"मग काय, तिला मेंढरावानी माज्या मागं मागं फिरवू व्हय?"

खरं सांगते, मलाही तिथंच जायचं होतं. पण म्हाताऱ्या बापाला सोडून एवढ्या लांब जाते, हे स्वतःच्या तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती. आबांनी निवडलं आणि मी सुटले. तिथं भेटेल त्याला कौतुकानं सांगायचे, आमच्या आबांनी खूर बघून देश निवडला!

दहावा झाल्यावर हेच दादापुढं बोलून बसले. तो म्हणाला, "खुळी का काय तू? हॉलंडची मेंढरं चांगलीच होती. परत येताना मी बसमधी विचारलं त्यांना, खोटं का बोलला म्हनून. तर म्हनले, 'दुसरा फोटू लावला तवा पोरीचं तोंड बघायचं होतंस.' मग त्यांनीच विचारलं, 'किती लांब हाय त्यो देश?' मी सांगितलं. दोन दिस जेवले नाय. तुला सांगायचं नाय, म्हनून शपथ घातली."

आता कुणाशी भांडू? कुणाची माफी मागू?

बांधावरच्या कडुलिंबाखाली त्यांची बाज अजून तशीच आहे. घरात रेंज येत नाही, म्हणून माझ्या फोनसाठी ती त्यांनी तिथं नेऊन टाकली होती. काल दुपारी तिच्यावर जाऊन बसले, पायत्याशीच, उशाकडं बसवेना. परतीचं तिकीट काढायचं आहे. दादा म्हणतो, तुझं तू ठरव... आणि 'जा' म्हणायला आबा नाहीत, मला काही म्हणता काही ठरवता येत नाही.