वाटीतल्या गोळ्या

१२ जानेवारी १९५८, रविवार. खाट गॅलरीत उभी करून मी तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतत होते. पूर्वी डीडीटीची पूड टाकली की ढेकूण मरत. त्या वर्षी पुडीतून खुशाल फिरत होते.

शेजारीण माझी वाटी परत घेऊन आली. आमच्या लालबागच्या चाळीत वाटी रिकामी परत करत नसत. हिने तीत पेनिसिलिनच्या गोळ्या घातल्या होत्या.

"वैनी, ह्यांच्या बोटाच्या उरल्यात. बोट सुकलं तशा बंद केल्या. तुमच्याकडे गळू झालंय ना, भावोजींना द्या."

"आणि आता बोट कसं आहे?"

"परत सुजलंय. काल ह्यातल्याच दिल्या, पण लागू पडत नाहीत. तुमच्याकडे तरी उपयोग होईल."

तिचा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. तुटलेला धागा जोडायचं तेच बोट. ते गेलं तर साचा गेला. मी किटली खाली ठेवली आणि दोघांना नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटीही बरोबर घेतली.

डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, दुसरं औषध दिलं. "बोट वाचेल. पण गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या. आणि ह्या जुन्या कुणाला देऊ नका." वाटी त्यांनी बादलीत पालथी केली.

मी विचारलं, "हे औषध जंतू मारतं, मग माणसाला काही कसं होत नाही?"

"जंतूभोवती भिंत असते. पेनिसिलिन ती धड बांधू देत नाही, मग जंतू फुटतो. आपल्या पेशींना तसली भिंतच नाही."

"मग हे का फुटले नाहीत? सरावले?"

"एकेक जंतू सरावत नाही हो. एखाद्याला मुळातच औषध मोडून टाकता येतं. बाकीचे मरतात, तो उरतो. पुढची सगळी प्रजा त्याची."

"म्हणजे आमचे डीडीटीतले ढेकूण."

"तेच."

शेजाऱ्याने पट्टी बांधलेला उजवा हात पुढे केला. "डाक्टर, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची सभा आहे. हात वर केला तर चालेल?"

"डावा करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात उभं राहून मी त्याला गोळी गिळायला लावली. बोटाची सूज उतरली होती, म्हणून तो कुरकुरत होता. मग घरी येऊन पाणी उकळलं आणि खाट पुन्हा बाहेर काढली. ढेकूण एकही दिसत नव्हता. तरी सगळ्या सांध्यांत ओतलं.