पदर पसरून आणलेली दुपटी

मी आयुष्यात एकदाच लोकांच्या दारात जाऊन पदर पसरला आणि तेवढ्या एका वेळीही चुकले. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मला दरदरून घाम फुटला होता.

लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आईवडील लहानपणीच गेलेले, म्हणून वाढले मामाच्या घरी, गोदावरीकाठच्या एका गावात. मामा वाईट नव्हता, मामीही नव्हती. पण त्या घरात चौदा माणसं होती आणि पंधरावी मी. माझं म्हणावं असं तिथे काही नव्हतं. अंथरूणसुद्धा रोज जे उरेल ते. माझ्या नवऱ्याला बुऱ्हाणपूरच्या शाळेत मास्तरकी होती. सिंधीपुऱ्यात एका विणकराच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. पुढच्या बाजूनं दिवसभर मागाची खटखट, मागच्या बाजूला माझी चूल. ती चूल माझी होती, एकटीची. मी तिला इतकी सारवायचे की हे म्हणायचे, "अगं, थोडं शेण भिंतींनाही राहू दे."

मला दिवस गेले आणि प्रश्न उभा राहिला की बाळंतपण कुठे करायचं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मला माहेर नव्हतं. सासूबाई कधीच वारल्या होत्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि थोरले दीर खकनारकडच्या खेड्यात शेती करत, आणि ते घर जाऊबाईंच्या हातात होतं. मला चौथा महिना सरत असताना मामंजी आले, ओट्यावर बसले आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "आखाजीले गाडी घेऊन येतो. सूनबाईले तिकडंच नेऊ."

जाऊबाई कामाला वाघ होत्या आणि मनानं चांगल्या होत्या. पण त्या घरातही चौदा माणसं होती. मी दाराआडून विचारलं, "मी इथेच राहिले तर?"

यांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. मामंजींनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांनी सरळ विचारलं, "तूप कुठं हाय? डिंक, खोबरं? बाज? शेकाले गोवऱ्या? अन चाळीस दिवस जवळ बसाले बाईमाणूस?" मग म्हणाले, "आखाजीपर्यंत जमव. जमलं तं राहा, नाही तं गाडीत बस. अन सावकाराचा पैसा घरात आला, तं पहिले तुह्या नवऱ्याले गाडीत घालीन."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अडीच महिने होते. त्या दिवसापासून आमच्या घरात काटकसरीचं राज्य सुरू झालं, आणि इंग्रजाचं परवडलं असं हे म्हणू लागले. न्हाव्याचे पैसे वाचवायला हे स्वतःच दाढी करू लागले. पहिल्या दिवशी हनुवटीवर कापलेल्या तीन ठिकाणी चुना लावून शाळेत गेले तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? यांनी सुपारी सोडली. ती सोडल्यावर दिवसभर इतके चिडचिडे असायचे की मीच कंटाळून म्हटलं, परत धरा. संध्याकाळी एका अडत्याच्या मुलाला हिशेब शिकवायला जायचे. तो अडत्या पैशांऐवजी गूळ देई. महिन्याभरात आमच्या घरात डिंक नव्हता, खोबरं नव्हतं, पण गूळ मात्र मुंग्यांच्या सात पिढ्यांना पुरेल एवढा होता. मी पुढच्या विणकरीणबाईंना कांड्या भरून द्यायचे, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. पाव शेर दुधाची साय साठवून तूप कढवायचे. अडीच महिन्यांतले दोन संपले तरी ते तूप एका वाटीतच मावत होतं.

बाळाच्या कपड्यांचं मात्र मला ओझं वाटत नव्हतं. आमच्या गोदाकाठी पहिल्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. पाच लेकुरवाळ्या घरांतून जुनी, धुऊन मऊ झालेली फडकी मागून आणायची आणि त्याची दुपटी, लंगोट, टोपडी शिवायची. मागायला घरातली वडीलधारी बाई जाते. आमच्याकडे वडीलधारी बाई कुठली? म्हणून एका दुपारी मी स्वतःच निघाले. दारात उभी राहायचे, पदर पुढे करायचे आणि म्हणायचे, "बाळासाठी काही जुनं असेल तर द्या." ज्या अंगणात पोरं जास्त, ते घर लेकुरवाळं, एवढंच गणित मी केलं होतं.

पहिल्या घरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आत जाऊन त्यांनी दोन लुगडी आणली आणि वर तुपाचा गडू दिला. दुसरीनं खोबऱ्याच्या वाट्या दिल्या. तिसरीनं नवऱ्याला हाक मारून बाजच काढून ठेवायला सांगितली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चौथ्या घरून शंभर गोवऱ्या आल्या, हातगाडीवरून, घरपोच. पाचवं घर राजघाटाच्या वाटेवर होतं, जरीसाठी सोन्याची तार ओढणाऱ्या कारागिराचं. त्या बाई चाळिशीच्या असतील. त्यांच्या अंगणात तर पोरांचा बाजार भरला होता. त्यांनी मला फडकं दिलं नाही. पेटी उघडून एक पिवळं झबलं दिलं, कोरं, हातानं शिवलेलं.

मी घरी आले ती हवेत. यांना म्हटलं, "पाहा! तुमचं रक्त सांडून जे जमलं नाही, ते मी एका दुपारी जमवलं. काय देवमाणसं आहेत या गावात!"

हे बाजेभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "जुनी फडकी मागितली तर लोक बाज देत नाहीत."

"तुम्ही मागून पाहा, तुम्हाला फडकंही मिळणार नाही," मी म्हटलं आणि दोन दिवस अबोला धरला. मी रागावले की यांना घरात फार शांत वाटायचं, हे मला नंतर कळलं.

आखाजीला पाच दिवस उरले असताना सुईण मला पाहायला आली. पोट चाचपून झालं आणि तिनं सहज विचारलं, "पहिले तीन कितव्या महिन्यात गेले वं, बाई?"

मी म्हटलं, "कोण तीन?"

मग उलगडा झाला. या गावात अशी फडकी शेजारणी आपण होऊन आणून देतात. पोटुशी बाई स्वतः दारात येऊन पदर पसरते ती एकाच वेळी: तिची मुलं जगत नसतात, आणि हे तरी राहावं म्हणून तिनं नवस बोललेला असतो. अशा बाईला कुणी रिकामं पाठवत नाही. मी पाच दारांत उभी राहिले आणि गावानं समजून घेतलं ते समजून घेतलं. पहिल्या दारात माझं एकच मूल गेलेलं होतं. गोष्ट बाजारातून फिरून येईपर्यंत तीन झाली होती.

मी आधी खूप हसले. मग तुपाच्या गडूकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. यांनी ऐकलं आणि म्हणाले, "परत करावं लागेल." मला इतका राग आला! खोटं मी बोलले नव्हते. पाच दिवसांनी गाडी येणार होती. हे सगळं दारात नसतं तर मी पुन्हा कुणाच्या तरी घरातली पंधरावी होणार होते. मी भांडले, रडले, भाकरी करपवली. आणि मग मीच गडू उचलला. न जन्मलेल्या, न मेलेल्या तीन मुलांच्या नावावर आलेलं तूप माझ्या बाळाच्या अंगी लागेल असं मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची वरात निघाली. पुढे मी गडू आणि गाठोडं घेऊन, मागे हे डोक्यावर बाज घेऊन. शाळेतली पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून "मास्तरजी, नमस्ते" करत होती आणि यांना मान हलवता येत नव्हती.

पहिल्या घरच्या बाई इतक्या हसल्या की त्यांना जोत्यावर बसावं लागलं. म्हणाल्या, "अवं, लेकरं नाही मेले हे ऐकून मी तूप परत घेऊ? जा, लाडू कर!" तिसरीनं बाज यांच्या डोक्यावरून उतरूच दिली नाही, यांना तसंच बाजेसकट माघारी फिरवलं. गोवऱ्यावाल्या बाईंनी तर दारातूनच हात जोडले, की शंभर गोवऱ्या पुन्हा रचायला मला वेळ नाही. दुसऱ्या घरच्या बाईंनी खोबरं मात्र परत घेतलं. वाट्या मोजून घेतल्या आणि म्हणाल्या, "बाई, नवसाचं असं मागू नये." मला लागलं, पण त्यांचं काही चुकत नव्हतं.

शेवटी राहिलं राजघाटाकडचं घर. त्या दिवशी अंगण रिकामं होतं. पोरं शेजारपाजारची होती आणि रोज तिथे खेळायला येत, एवढंच. त्या बाईंना मूल नव्हतं. दोन झाली होती, ती राहिली नाहीत. ते पिवळं झबलं त्यांनी दुसऱ्या बाळासाठी शिवलं होतं. हे मला दारात उभी असताना शेजारच्या मुलीनं सांगितलं. मी काय करून बसले होते! पण आले होते तर सांगणं भाग होतं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुहे तीन लेकरं गेलेच नाही?"

"नाही."

"एक बी नाही?"

"नाही हो. हे पहिलंच."

त्यांनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. खरंच, लहान मुलीसारखी. "मी रोज घाटावर जाऊन तापीमाईले त्याइच्यासाठी रडत होती वं! तीन तीन लेकरं! अन ते गेलेच नाही!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि घरात जाऊन नवऱ्याला ओरडून सांगत होत्या की मास्तरणीची तिन्ही मुलं मेली नाहीत. मी त्यांना फसवलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी तिथेच ओट्यावर बसले आणि हुंदके देऊन रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवत विचारलं तेव्हा गाडीचं, खकनारचं, माझ्या चुलीचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, सामान झालं हो जवळजवळ, पण जवळ बसायला बाईमाणूस कुठून आणू?

त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "मी आली असती. पण बाळंतिणीच्या खोलीत मले कोणी बोलवत नाही."

"मी बोलावते आहे," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण यांनी बाज खाली ठेवली.

आखाजीला गाडी आली. मामंजींनी घरात येऊन तूप पाहिलं, बाजेला हलवून पाहिलं, गुळाच्या ढेपांकडे पाहून भुवया वर केल्या. चुलीपाशी राजघाटाकडच्या त्या बाई पुरणाच्या पोळ्या लाटत होत्या. मामंजींनी विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हटलं, "माझ्या माहेरच्या."

मामंजींनी त्यांना नमस्कार केला आणि गाडीकडे गेले. गाडीत दोन शेर तूप, डिंक, खोबरं आणि कापसाची नवी गादी होती. जाऊबाईंनी आधीच बांधून दिलेली. ते सगळं उतरवून गाडी रिकामी परत गेली.

आषाढात मला मुलगी झाली. सुईणीनं तिला पुसून गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, आधी त्यांच्याकडे द्या. सुईण घुटमळली. त्या तर भिंतीला चिकटून उभ्या होत्या, हात पाठीमागे. मी एवढी थकलेली, तरी खेकसले, "घ्या म्हणते ना!"

त्यांनी घेतलं. पोरगी हात झाडत होती, बेंबीच्या देठापासून ओरडत होती. त्या तिला छातीशी धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई वं, किती गरम हाय ही. किती गरम हाय." पुन्हा पुन्हा तेवढंच. त्यांची दोन्ही मुलं थंडच हातात आली होती, हे मला त्या वेळी कळलं.

सुईणीनं बाळ परत घ्यायला हात पुढे केले. मी तिला म्हटलं, राहू दे, मला घाई नाही.