काशीत नर नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्हालाच का सांगते आहे? मला तरी कुठे ठाऊक! ऐका झालं.

पण आधी माझं कौतुक ऐका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी आयुष्यभर बनारसमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातही हरिता, म्हणजे पावसात भिंतीवर, पायऱ्यांवर जे मखमलीसारखं हिरवं उगवतं आणि लोक ज्याला शेवाळ म्हणून मोकळे होतात, ते. गल्लीत मला ‘काईवाली मैडम’ म्हणायचे, काई म्हणजे तिकडचं शेवाळ. म्हणोत! मला अभिमानच होता. आजही आहे. मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर. अंगणातल्या नळामागच्या भिंतीवर ही हरिता वाढायची, आणि ती बघायला परदेशातून आलेली मोठमोठी माणसं आमच्या अंगणात उकिडवी बसलेली आहेत.

काय होतं एवढं त्या भिंतीवर? नुसत्या माद्या! या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. भिंत ओली असेतोवर नराच्या बीजाला पोहत मादी गाठावी लागते, तेही जेमतेम बोटभर अंतरात. गाठली, तर मादीच्या माथ्यावर केसाएवढा दांडा उगवतो आणि त्याच्या टोकाला इवलंसं बोंड धरतं. बोंड म्हणजे तिचं लेकरू. आईच्या डोक्यावर उभं राहून तिच्याच जिवावर वाढतं, बीजाणूंची धूळ उधळतं आणि वाळून जातं. आमच्या भिंतीवर बोंड कधी धरलंच नाही. तुकडे मोडायचे, तेच रुजायचे, पुन्हा माद्याच. ‘काशीत नर नाही’ हे माझं म्हणणं. छापून आलेलं, माझ्या नावानं ओळखलं जाणारं.

मृणाल माझ्याकडे पीएच.डी. करत होती. बालाजी घाटाजवळच्या एका भिक्षुकांची मुलगी. कॉलेजात मला मॅडम म्हणायची, घरी काकू. तिचा विषय हीच भिंत. वर्षं चालली होती, नवं काही हाती लागत नव्हतं, आणि घरच्यांनी बजावलं होतं — यंदा काही झालं नाही तर पुरे झालं शिक्षण. एक नवी गोष्ट सापडली असती तर पोरगी तरली असती.

बनारसचा सावन अर्धा उलटला की आमचा श्रावण लागतो. त्या श्रावणात माझ्या सुनेची पहिली मंगळागौर होती. रविवारी मृणाल मदतीला आली, आणि सवयीनं भिंतीपाशी जाऊन बसली. मग एकदम किंचाळलीच, “काकू, बोंडं!”

मी भिंग लावलं. बोंडं होती. शेजारी नरही होते, टोकाला वाटीसारखी पानं पसरून ऐटीत बसलेले. जात तीच, बघताक्षणी कळलं मला — अहो, मला नाही कळणार तर कुणाला? आणि मी शांतपणे म्हणाले, ही दुसरी जात दिसते आहे, मिसळलेली. कोवळी आहेत, आत्ता तोडू नकोस. मंगळवार उरकू दे, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघू.

तिनं ऐकलं. माझं ती नेहमीच ऐकायची.

सोमवारी दुपारी घरातले सगळे खरेदीला चौकात गेले होते. मी ब्लीचिंग पावडर टाकली, तारेची घासणी घेतली आणि ती भिंत स्वतः घासली. विटा लाल दिसेपर्यंत. माझ्याच माद्यांसकट! विचारतील त्यांना उत्तर तयार होतं — उद्या बायका येणार, नळापाशी पाय धुणार, कुणी घसरून पडलं म्हणजे? कुणालाही पटेल असं. मृणालला मात्र मी सांगितलं की कामवालीनं घासलं. तिच्या मोबाईलमध्ये फोटो होता, पण नुसत्या फोटोवरून जात ठरत नाही, हे मीच तिला शिकवलेलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. निरोपाच्या समारंभात शाल मिळाली, भाषणं झाली, ‘काशीत नर नाही’ हे वाक्य तिथंही कुणीतरी म्हटलं. आणि मी मान ताठ ठेवून ऐकलं. लाज वाटली का? खरं सांगू, त्या क्षणी नाही वाटली. छान वाटलं.

तुम्हाला वाटेल, भिंत घासली तेच माझं पाप. छे! ते रागाच्या, भीतीच्या भरात तरी झालं म्हणता येईल. पुढचं तसं नव्हतं.

मृणालनं पीएच.डी. सोडली. लग्न ठरलं, पेढे द्यायला आली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, “काकू, ते बोंडांचं मनातून जातच नाही. पण मलाच नीट दिसलं नसेल. तुमच्यासारखी नजर नाही हो माझी.”

इतक्या विद्यार्थ्यांत तेवढी एकच नजर मी पाहिली होती. माझ्यापेक्षा तीक्ष्ण. ती समोर उभी होती, आणि एक शब्द पुरला असता.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “होतं गं असं, नवीन असताना.”